साथीच्या दिवसांतील कर्करोगाची शस्त्रक्रिया

(धर्मग्रामाच्या महोत्सवांत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या मंडपांत आनंदाचे विषय सोडून इस्पितळाचा आणि कर्करोगाचा विषय आम्हीं कां काढावा, असें आपल्यापैकीं कित्येकांस वाटलें असेल. चालकांनीं विषयाची निवड आमच्यावर सोंपविली आणि आम्हीं हा विषय घेतला, याचें कारण एवढेंच कीं, २०२० व २०२१ या दोन वर्षांविषयीं आपल्यांत पुष्कळ बोलणें होतें, परंतु तें बहुतेक कोरोनानें जे गेले त्यांच्याविषयीं असतें. त्याच दिवसांत ज्यांस कोरोना झालाच नाहीं, पण त्याच्यापायीं ज्यांची शस्त्रक्रिया राहून गेली, त्यांचा हिशेब कोणी फारसा मांडीत नाहीं. तो आज जमेल तितका मांडावा, असा आमचा हेतु आहे.

साथ ही आपल्या लोकांस नवी नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां वांद्रें व इतर जुन्या गांवठाणांतील आपल्या ख्रिस्ती बांधवांनीं वाटेच्या कडेला क्रूस उभारले. त्यांतील कांहीं आजही उभे आहेत. १९१८ सालीं इन्फ्लुएंझानें देशांत दीड-एक कोटि माणसें नेलीं. परंतु त्या दोन्ही साथींच्या वेळीं मुंबईंत कर्करोगाचें असें स्वतंत्र इस्पितळ नव्हतें. परळचें टाटा मेमोरियल इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेव्हां साथ आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया यांची खरी गांठ आपल्याकडे पडली, ती २०२० सालींच.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतों. इस्पितळांत शस्त्रक्रियांचे दोन वर्ग करितात. अपघात, फुटलेलें आंतडें, अडलेलें बाळंतपण यांसाठीं त्याच घटकेस करावी लागते ती तातडीची. आणि दिवस ठरवून, तयारीनें करावयाची ती ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे ठरीव. कर्करोगाच्या बहुतेक शस्त्रक्रिया या दुसऱ्या वर्गांत मोडतात. आतां मूळ इंग्रजी शब्दाला निवडीचा, म्हणजे केली तरी चालेल आणि न केली तरी चालेल, असा एक वास आहे. आणि आमच्या मतें साथीच्या पहिल्या महिन्यांत या एका शब्दानें पुष्कळ घोटाळा केला. मोतीबिंदु, हर्निया आणि गुडघ्याचा सांधा यांच्याच ओळींत स्तनांतील गांठ आणि जिभेवरील व्रण जाऊन बसले. मोतीबिंदु सहा महिने थांबला तर रोग्याचे हाल होतात, पण जीव जात नाहीं. जिभेवरचा व्रण सहा महिने थांबत नाहीं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यखात्यानें १७ मार्च २०२० च्या पत्रांत तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलावयास सांगतांना कर्करोगाचे उपचार चालू ठेवावे असें स्पष्ट म्हटलें होतें. तरी तेथेंही पुष्कळ शस्त्रक्रिया राहिल्याच. कारण नुसत्या हुकुमानें खाट मोकळी होत नाहीं.

शस्त्रक्रिया म्हणजे शस्त्रवैद्य आणि त्याची सुरी, असें बाहेरून दिसतें. वस्तुतः एका मोठ्या शस्त्रक्रियेमागें भूल देणारा डॉक्टर लागतो, भुलेच्या वेळीं श्वास चालविणारें यंत्र लागतें, नंतरच्या एक-दोन रात्रींसाठीं अतिदक्षता विभागांतील खाट लागते, त्या खाटेपाशीं जागणाऱ्या परिचारिका लागतात, आणि रक्ताच्या बाटल्या लागतात. कोरोनाच्या अत्यवस्थ रोग्यालाही नेमक्या याच गोष्टी हव्या होत्या. घशांत नळी घालून श्वास चालू ठेवण्यांत निष्णात कोण, तर भूल देणारे डॉक्टर. म्हणून प्रथम तेच कोरोनाच्या विभागांत गेले. महाविद्यालयें, कचेऱ्या आणि देवळांचीं सभागृहें बंद झाल्यामुळें रक्तदानाचीं शिबिरें थांबलीं आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडला. परिचारिका आजारी पडूं लागल्या. ज्या निरोगी होत्या त्यांतील कित्येकींस चौदा चौदा दिवस विलग राहावें लागलें. शस्त्रवैद्य धडधाकट असूनही त्याच्या हातून कांहीं होणें नाहीं, अशी स्थिति आली.

परंतु केवळ साधनांच्या टंचाईमुळेंच शस्त्रक्रिया थांबल्या असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्यामागें एक खरी भीतिही होती. फेब्रुवारी २०२० मध्यें चीनमधील वैद्यांनीं १,५९० कोरोनाग्रस्तांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत कर्करोग असलेले किंवा पूर्वीं होऊन गेलेले अवघे १८ जण होते. पण या अठरांत अत्यवस्थ होणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ३९, तर इतरांत शेंकडा ८ निघालें. ज्यांचा कर्करोग स्थिर आहे त्यांच्या ठरीव शस्त्रक्रिया साथीच्या मुलखांत लांबणीवर टाकाव्या, असा सल्ला त्यांनीं दिला. अठरा माणसांवरून साऱ्या जगानें धडा घ्यावा काय, असें आज विचारणें सोपें आहे. त्या वेळीं दुसरा कांहींच आधार हातीं नव्हता.

पुढें मे महिन्यांत अधिक भक्कम पुरावा आला, आणि तो भीति वाढविणाराच होता. २४ देशांतील २३५ इस्पितळांतील शस्त्रवैद्यांनीं एकत्र येऊन, शस्त्रक्रियेच्या सुमारास ज्यांस कोरोनाची बाधा झाली अशा १,१२८ रोग्यांची हकीकत जुळविली. त्यांतील निम्म्याहून अधिकांस फुप्फुसाचे विकार जडले आणि ३० दिवसांच्या आंत शेंकडा २३.८, म्हणजे चौघांत जवळ जवळ एक, मरण पावला. भूल दिल्यानें आणि मोठ्या जखमेनें शरीराची रोगाशीं झुंजण्याची शक्ति कांहीं काळ मंदावते, खोल श्वास घेतां येत नाहीं, कफ सुटत नाहीं. अशा वेळीं फुप्फुसांत तो विषाणू असला तर काय होईल हें समजण्यास वैद्यकशास्त्र शिकावें लागत नाहीं. शिवाय बाधा झालेला मनुष्य पहिले कांहीं दिवस अगदीं ठणठणीत दिसे. आणि आरंभीं तपासणीचीं साधनेंही अपुरीं होतीं. आज ज्याच्या पोटावर सुरी चालवावयाची तो उद्यां तापानें फणफणेल कीं नाहीं, हें कोणी सांगूं शकत नव्हतें.

एका बाजूस ही भीति. दुसऱ्या बाजूस थांबल्याची किंमत. ही दुसरी बाजू मोजावयास वेळ लागला, कारण कर्करोगानें होणारा मृत्यू तीस दिवसांत दिसत नाहीं, तो तीन-चार वर्षांनीं दिसतो. नोव्हेंबर २०२० मध्यें ब्रिटनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकानें पूर्वींच्या ३४ अभ्यासांचें सार प्रसिद्ध केलें. त्यांत बारा लाखांहून अधिक रोगी येतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली कीं मृत्यूचा धोका मूळच्या मानानें शेंकडा ६ ते ८ नें वाढतो, असें त्यांतून निघालें. स्तनाच्या कर्करोगांत आठ आठवड्यांच्या विलंबानें तो शेंकडा १७ नें, आणि बारा आठवड्यांच्या विलंबानें शेंकडा २६ नें वाढतो. चार आठवडे म्हणजे काय? पावसांत एखादें लग्न पुढें ढकलतात तेवढा काळ. आणि साथीच्या आरंभीं जगभर जो खंड पडला, तो बारा आठवड्यांचा धरून केलेल्या अंदाजाप्रमाणें सुमारें २ कोटि ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा लांबल्या. त्यांतील २३ लाख कर्करोगाच्या होत्या. साध्या विकारांच्या शस्त्रक्रियांपैकीं शेंकडा ८१ हून अधिक, तर कर्करोगाच्या शेंकडा ३७.७ थांबल्या, असा तो अंदाज होता. म्हणजे कर्करोगाला झुकतें माप दिलें गेलें हें खरें. पण तें माप पुरेसें नव्हतें.

अंदाज सोडून प्रत्यक्ष मोजणीकडे येऊं. ६१ देशांतील ४६६ इस्पितळांत ज्यांची कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली होती अशा २०,००६ रोग्यांचा माग काढण्यांत आला. त्यांतील दर दहांत एकाची शस्त्रक्रिया पाठपुराव्याच्या काळांत, म्हणजे साधारणतः २३ आठवड्यांत, झालीच नाहीं, आणि त्या प्रत्येकाच्या बाबतींत कारण कोरोनाशीं निगडित होतें. जेथें निर्बंध सौम्य होते तेथें हें प्रमाण शेंकडा ०.६, मध्यम होते तेथें ५.५, आणि संपूर्ण टाळेबंदी होती तेथें १५. हे सारे बरे होण्याची आशा असलेले रोगी होते, हें ध्यानांत ठेवावें. म्हणून आम्ही असें म्हणत नाहीं कीं टाळेबंदी करूं नये होती. ती न करितां काय झालें असतें, हें या आंकड्यांतून समजत नाहीं. पण ती करणाऱ्यांनीं हा खर्चही आपल्या वहींत लिहून ठेवावा, इतकें आमचें म्हणणें आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची २०१९ च्या त्याच महिन्यांशीं तुलना देशांतील ४१ कर्करोग-इस्पितळांनीं केली. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या, म्हणजे निम्म्या झाल्या. लहान शस्त्रक्रिया त्याहूनही कांहींशा अधिक घटल्या. किरणोपचार मात्र शेंकडा २३ नेंच कमी झाले. आणि याचें कारण उघड आहे. त्यास भूल लागत नाहीं, श्वसनयंत्र लागत नाहीं, रात्रीची खाट लागत नाहीं. परंतु या सर्वांत आम्हांस अधिक बोचणारा आंकडा शस्त्रक्रियेचा नाहीं. तो नव्या रोग्यांच्या नोंदणीचा आहे. १,१२,२७० वरून ती संख्या ५१,७६० वर आली. साठ हजारांवर माणसें कमी आलीं. कर्करोग तर टाळेबंदींत कमी झाला नव्हता. मग हीं माणसें होतीं कोठें? तीं आपापल्या घरीं होतीं.

मोठ्या शहरांतील इस्पितळांस या घसरणीचा फटका अधिक बसला, हेंही त्याच मोजणींत आढळलें. यांत नवल नाहीं. मोठ्या इस्पितळांत येणारा रोगी बहुधा दुरून येतो. परळच्या इस्पितळाच्या आसपासच्या पदपथांवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत, बिहार-बंगालपासून आलेलीं कुटुंबें महिनोन् महिने राहतात हें मुंबईकराच्या नित्य पाहण्यांतलें आहे. त्यांतील जीं मार्चांत गांवीं गेलीं तीं परत येऊं शकलीं नाहींत, आणि जीं मुंबईंत होतीं त्यांस गांवीं जातां आलें नाहीं.

आणि दूर म्हणजे बिहारच असें नाहीं. वसईकडील एखादा बागायतदार घ्या. हा आम्हीं कल्पनेनें उभा केलेला मनुष्य आहे, पण आपल्यांतील कित्येकांच्या घरची हकीकत याहून फार वेगळी नसेल. गालाच्या आंतल्या बाजूस एक जखम आहे, ती महिनाभर भरत नाहीं. तंबाखूची संवय जुनी आहे. घरचा डॉक्टर त्यास मुंबईस पाठवितो, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत तुकडा काढून तपासतात, आणि कर्करोग ठरतो. २३ मार्चपासून लोकल गाड्या बंद. २५ पासून टाळेबंदी. फुलांचा बाजार बंद, म्हणून मोगरा वाडींतच सुकतो आहे. भाड्याच्या मोटारीस पैसा नाहीं, आणि पैसा उभा केला तर पोलिसांचा परवाना हवा. घरांत म्हातारी आई आहे. इस्पितळांतून रोग घरीं आणला तर काय, ही धास्ती. १५ जूनला गाड्या सुरू झाल्या, त्या केवळ अत्यावश्यक सेवेंतील नोकरांसाठीं. कर्करोग्यांस गाडींत बसण्याची मुभा मिळाली ती सप्टेंबरांत. मार्च ते सप्टेंबर, सहा महिने!

या सहा महिन्यांत गालांत काय होतें तें सांगितलें पाहिजे, कारण भारतांतील पुरुषांत तोंडाचा कर्करोग हा सर्वांत अधिक आढळणारा आहे. व्रण लहान असतां गालाचा तेवढा भाग आणि मानेंतील गांठी काढून भागतें. मनुष्य जेवतो, बोलतो, वाडींत जातो. व्रण जबड्याच्या हाडास भिडला कीं हाड कापावें लागतें, आणि त्या जागीं पायाचें हाड किंवा छातीचें मांस आणून बसवावें लागतें. ती शस्त्रक्रिया दहा-बारा तास चालते. त्याहूनही मागें, कवटीच्या तळाकडे तो पसरला, तर बहुधा शस्त्रवैद्य हात लावीत नाहीं. म्हणजे विलंबानें नुसता धोका वाढतो असें नाहीं. थोडक्यांत आटोपणारें काम मोठें होतें, आणि मोठ्या कामाला अतिदक्षता विभागाची खाट अधिक दिवस लागते, जी त्या दिवसांत मुळींच नव्हती. आणखी एक अडचण अशी कीं, तोंडाची शस्त्रक्रिया ही रोग्याच्या श्वासाच्या वाटेवरच करावयाची असते. विषाणू असलाच तर तो थेट शस्त्रवैद्याच्या तोंडावर. इतर सर्व शस्त्रक्रियांत जो कर्करोग थांबावयास तयार नाहीं, तोच शस्त्रवैद्याला अधिक धोक्याचा, असा तो पेंच होता.

मग निवड कशी झाली? जो कर्करोग सावकाश वाढतो, जसा कंठग्रंथीचा किंवा वृद्ध पुरुषांच्या मूत्रमार्गापाशीं असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा आरंभींचा, तो कांहीं महिने थांबूं शकतो, त्यास थांबविलें. स्तनाच्या कर्करोगाचे कांहीं प्रकार संप्रेरकांवर पोसले जातात. त्या स्त्रियांस गोळ्या देऊन गांठ तेवढ्यापुरती रोखून धरितां येते. कित्येक ठिकाणीं तसें केलें. कांहींस शस्त्रक्रियेच्या आधीं औषधांचे डोस दिले. आंतडें बंद होऊं लागलेलें, रक्त जाणें न थांबणारें, श्वासाची वाट अडविणारें, हें प्रथम घेतलें. ही छाननी एका डॉक्टरनें आपल्या मर्जीनें करावयाची नव्हती, अनेकांनीं एकत्र बसून करावयाची होती. आणि जेथें ती तशी झाली तेथें रोग्यांचें नुकसान कमी झालें असावें, असें आम्हांस वाटतें.

परळच्या टाटा इस्पितळानें त्या दिवसांत शस्त्रक्रिया बंद न करण्याचें ठरविलें. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळांत तेथें ४९४ ठरीव शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील शेंकडा ८५ हून अधिक अवघड प्रतीच्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर एकही रोगी दगावला नाहीं. याच काळांत जगांतील मोठमोठ्या इस्पितळांचीं शस्त्रक्रियागृहें रिकामीं होतीं, म्हणून या आंकड्याचें महत्त्व. यांत एक गोष्ट मात्र विसरूं नये. त्या रोग्यांचें मध्यम वय ४८ होतें आणि साठीच्या वरचे शेंकडा १३ च होते. आपल्या देशांतील कर्करोगी युरोपांतल्यापेक्षां वयानें लहान असतो. तें एरवीं दुःखाचें आहे, पण त्या दिवसांत तेंच उपयोगी पडलें. जें परळांत साधलें तें सत्तरीच्या रोग्यांनीं भरलेल्या इटलींतील इस्पितळास साधलें असतें असें आम्ही म्हणणार नाहीं.

पुढें हळूहळू रीत बसली. शस्त्रक्रियेपूर्वीं नाकांतील स्राव तपासूं लागले. कोरोनाच्या रोग्यांची वाट वेगळी आणि शस्त्रक्रियेच्या रोग्यांची वाट वेगळी, म्हणजे दार, जिना, खाटा, परिचारिका सर्व वेगळें, अशी व्यवस्था जेथें केली तेथें तिचा गुण दिसला. ५५ देशांतील ९,१७१ कर्करोग्यांच्या पाहणींत, अशा निराळ्या व्यवस्थेंत फुप्फुसाचे विकार शेंकडा २.२ आणि मिसळलेल्या व्यवस्थेंत ४.९ आढळले. ही गोष्ट पैशाची कमी आणि शिस्तीची अधिक आहे. मार्च २०२१ मध्यें आणखी एक उपयुक्त नियम हातीं आला. ११६ देशांतील १,४०,२३१ रोग्यांवरून असें दिसलें कीं, कोरोना होऊन गेल्यावर सात आठवड्यांच्या आंत शस्त्रक्रिया केली तर मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४ च्या आसपास असतें, आणि सात आठवडे उलटल्यावर, त्रास उरला नसेल तर, तें पूर्ववत् शेंकडा १.५ वर येतें. पण कर्करोगाला सात आठवडे देणें म्हणजे काय, हें मघांचे आंकडे आठवले तर कळेल. त्यामुळें हा नियमही डोळे मिटून पाळावयाचा नव्हता.

एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेविषयीं थोडक्यांतच सांगतों, कारण प्राणवायूसाठीं झालेली धांवपळ आपण सर्वांनीं पाहिली आहे. जो प्राणवायू श्वसनयंत्रास लागतो तोच भुलेसही लागतो, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

इंग्लंडांतील अभ्यासकांनीं २०२० सालींच असा हिशेब केला होता कीं, निदान लांबल्यामुळें तेथें पुढील पांच वर्षांत स्तन, मोठें आंतडें, फुप्फुस आणि अन्ननलिका या चार कर्करोगांनीं सुमारें ३,३०० ते ३,६०० अधिक मृत्यू होतील. तो अंदाज होता, आणि त्या देशांत जन्म-मृत्यू-रोगांच्या नोंदी इतक्या चोख आहेत कीं तो खरा ठरला कीं खोटा हें तपासतां येईल. आपल्याकडे त्या साठ हजारांची अशी तपासणी करणें कठीण आहे. त्यांतील कांहीं पुढें इस्पितळांत आले. कांहीं उशिरा आले. कांहीं घरींच गेले, आणि मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलें गेलें तें लिहिणाऱ्यास ठाऊक. १ फेब्रुवारी २०२१ पासून लोकल गाडी सर्वांस खुली झाली, ती सकाळीं सातच्या आधीं, दुपारीं बारा ते चार आणि रात्रीं नऊनंतर. तपासणीच्या खिडकीपुढील रांग तर सकाळींच लागते. म्हणून कित्येकजण पहांटेच्या अंधारांत निघून सातच्या आंत गाडी धरीत आणि इस्पितळ उघडेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसत.

तोंडांत तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा तांबडा चट्टा, स्तनांत न दुखणारी गांठ, शौचांतून रक्त, यांपैकीं कांहीं ज्यांच्या लक्षांत त्या दोन वर्षांत आलें आणि तपासणी तेव्हां राहिली ती अद्यापि राहिलीच आहे, अशीं माणसें आपल्यांतही असतील. भाषणानंतर आम्ही मंडपांतच आहों. ज्यांस चारचौघांत विचारण्याचा संकोच वाटेल, त्यांनीं बाजूस घेऊन विचारावें, विशेषतः माताभगिनींनीं.